डीपीवाल्या लेकीची आई

अगं, आधी ती जाडजूड पुस्तिका मिटव आणि बस बघू दोन मिनिटं. पालकसभेहून आल्यापासून तुझा आवाज उतरलाय, ते मला फोनवरच कळलं. एचएल, एसएल, आयए, ईई, टीओके, कॅस... इतकी आद्याक्षरं एका दमात कानावर पडली की कुणालाही घाम फुटेल. माझी लेक आयबीच्या डिप्लोमा प्रोग्रामला, म्हणजे या डीपीला गेली तेव्हा मी 'कॅस'चा चांगला क्लास कुठे आहे म्हणून चौकशा करत होते. आणि गंमत म्हणजे दोघीतिघींनी मला नंबरही दिले!

खरं सांगू का, तुझी लेक हुशार आहे, त्यामुळे अभ्यासाची मला काळजी नाही. इथे माणूस दमतो तो वेळापत्रकाने. आपल्या बारावीत वर्षभर टंगळमंगळ करून शेवटच्या दोन महिन्यांत जीव तोडून अभ्यास केला, तरी निभावून नेणारी पोरं तू-मी पाहिलीत. डीपीत ती सोय नाही. परीक्षा असतेच, पण तिच्याआधी दोन वर्षं काही ना काही लिहून, करून, बोलून द्यावं लागतं, आणि त्याचे गुण धरतात. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं ना, की निम्मी धास्ती जाते.

सांगाडा सोपा आहे. विषय सहा. त्यांतले तीन वरच्या पातळीचे, म्हणजे एचएल, आणि तीन साधारण पातळीचे, म्हणजे एसएल. एचएलला साधारण २४० तासांचं शिकवणं धरलेलं असतं, एसएलला १५०. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण, म्हणजे झाले ४२. टीओके आणि ईई (ते काय, ते पुढे सांगते) मिळून ३. एकूण ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात, शिवाय तीन एचएल मिळून निदान १२ हवेत. आता सासूबाई विचारतील, "किती टक्के पडले?" आणि पोरगी सांगेल, "पाच." तेव्हा तू मध्ये पडायचंस हं. सातांपैकी पाच म्हणजे चांगले गुण आहेत. जगभरातल्या मुलांची सरासरी तिसाच्या आसपास असते, हे त्यांनाही सांग आणि रात्री झोप लागली नाही तर स्वतःलाही.

आता विषयांची निवड. इथे मात्र मी जरा दटावून बोलणार आहे. तिला डॉक्टर व्हायचं असेल आणि तेही इथेच, तर आज विचार कर, पुढच्या वर्षी नको. नेहमीच्या डीपीत विज्ञानाचे दोन विषय बसतात: एक विज्ञानाच्या गटातून, दुसरा कलेच्या विषयाऐवजी. 'नीट'ला भौतिक, रसायन, जीव असे तिन्ही हवेत. तिसरा विषय घ्यायला शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते, आणि ती सुरुवातीलाच काढायची असते. त्यात 'नीट' येते मे महिन्यात आणि डीपीचे पेपरही मे महिन्यातच. शिवाय 'नीट'चा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवरचा आणि प्रश्न पर्यायांचे. डीपीत लिहून, समजावून, पडताळून दाखवायचं असतं. दोन्ही निभावणारी मुलं आहेत गं, पण दोन वर्षं दोन्हीकडे पळायची तयारी तिची आहे का, ते तिलाच विचार. तुझ्या नवऱ्याला नको विचारूस.

इंजिनीअरिंगचं त्या मानाने सुटसुटीत आहे. भौतिक, रसायन आणि गणित सहज जमतं. फक्त गणितात दोन वाटा आहेत: विश्लेषणावर भर देणारी एए आणि उपयोजनावर भर देणारी एआय. इंजिनीअरिंग मनात असेल तर एए, आणि बाहेरच्या नामांकित विद्यापीठांवर डोळा असेल तर तेही एचएल. एआय 'सोपं' म्हणून घ्यायचं आणि मग हव्या त्या कॉलेजच्या अटींत ते बसत नाही म्हणून रडायचं, असं घरोघरी झालेलं पाहिलंय. विषय बदलायचा तर पहिल्या काही आठवड्यांतच बदलता येतो. शाळेतल्या डीपी समन्वयकांकडे बिनधास्त जा. त्यांचं कामच आहे ते.

भाषेचंही बघ. आपल्याकडच्या मुलांना दुसरी भाषा म्हणून बऱ्याच शाळांत हिंदी मिळते. पण मातृभाषेतलं साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः शिकायची एक सोयही आयबीने ठेवली आहे, ती एसएललाच मिळते. मराठीसाठी तुमच्या शाळेत हे जमेल का, ते विचारून ठेव. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता लिखाणाचं. तुझा खरा कस इथे लागेल बघ. जवळजवळ प्रत्येक विषयात आयए असतं, म्हणजे शाळेत करायचं स्वतःचं काम. विज्ञानात आणि गणितात त्याला २० टक्के वजन. सहा विषयांची ही कामं, वर ईई, वर टीओकेचा निबंध, आणि हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एकदम अंगावर येतं. तू दिवाळीचा फराळ काय एका दिवसात करतेस का? भाजणी आधी दळून आणतेस, चकल्या एके दिवशी, करंज्यांना जाऊबाईंना बोलावून दुसऱ्या दिवशी. तसंच हे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्या सगळ्या तारखा लिहून काढा, आणि प्रत्येक तारखेच्या तीन आठवडे आधी लाल पेनाने गोल करा. खरी तारीख ती लाल.

ईई म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावरचा चार हजार शब्दांचा शोधनिबंध. विषय पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरतो आणि सुट्टीत वाचन होतं. चार हजारांपुढचा मजकूर परीक्षक वाचतच नाहीत, तेव्हा लांबण लावण्यात अर्थ नाही. मुलींचा घोळ विषय मोठा घेण्यात होतो. समजा तिला इतिहास आवडतो आणि ती म्हणाली, "आई, मी पुण्यातल्या प्लेगवर लिहिते," तर ते चार हजार शब्दांत मावायचं नाही. पण १८९७ साली इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग समितीने ज्या घरझडत्या घेतल्या, त्यांच्याबद्दल 'केसरी'ने काय आणि कसं लिहिलं, हा प्रश्न मावतो. आणि इथे आपल्या पोरींचं पारडं जड आहे बरं का! सव्वाशे वर्षांपूर्वीचं मराठी वर्तमानपत्र मुळातून वाचणं किती जणांना जमणार? तिला अडलं तर आजी आहे की शेजारी बसायला. अर्थ आजीने सांगावा, मत मात्र पोरीचंच असावं.

हेच चॅटजीपीटीचंही. आयबीने त्यावर सरसकट बंदी घातलेली नाही, पण त्यातून काही उचललं तर तसं नोंदवावं लागतं, आणि त्याचं लिखाण आपलं म्हणून दिलं तर ती लबाडीच धरतात. तिच्या मागे उभी राहून पडद्यावर डोकावू नकोस. एकदा नीट समजावून सांग आणि विश्वास ठेव.

टीओकेला घाबरायचं काहीच कारण नाही. आपल्याला जे कळतं ते नेमकं कशावरून कळतं, याचा विचार करायला लावणारा हा तास. सोळाशे शब्दांचा एक निबंध, आणि एक प्रदर्शन, ज्यात तीन वस्तू निवडून एकाच प्रश्नाशी त्यांचं नातं सांगायचं. ज्ञान म्हणायचं तरी कशाला, असाही एक प्रश्न त्या यादीत आहे. मुलं लगेच इंटरनेटवर कुठल्या तरी संग्रहालयातल्या वस्तू शोधत बसतात. अगं, तुमच्या भिंतीला खिळ्यावर लटकलेलं यंदाचं दाते पंचांग आहे ना? ग्रहणाची गणिताने काढलेली वेळ आणि लग्नाचा मुहूर्त, दोन्ही एकाच पुस्तकात. आणखी काय हवं?

आणि ते माझं लाडकं कॅस. त्याला गुण नाहीत, पण ते पुरं केल्याशिवाय डिप्लोमा नाही. कला, व्यायाम-खेळ आणि सेवा, असं दीड वर्ष सुरू ठेवायचं आणि त्याबद्दल लिहीत जायचं. तास मोजत बसायचं नसतं. सेवेसाठी लांब कुठे गावाला जाऊन फोटो काढून यायची गरज नाही. वस्तीतल्या मुलांना दर शनिवारी गणित शिकवणं जास्त खरं, आणि तुलाही ने-आण सोपी. फक्त नोंदी त्या त्या आठवड्यात लिहायला लाव, नाहीतर शेवटी सगळ्या आठवणी रचून लिहाव्या लागतात आणि शिक्षकांना ते लगेच ओळखू येतं.

आता तुझं. तुला टीओके वाचायचं नाहीये, तुला तिची झोप राखायची आहे. डीपीची पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात आणि त्यात त्यांना भूषण वाटतं. अकराला दिवा बंद, असा नियम निदान पहिल्या वर्षी तरी लाव. चिडेल, दार आपटेल, आपटू दे. लग्नकार्यांना तिला दर वेळी ओढून नेऊ नकोस. आत्याला वाईट वाटलं तर ते मी बघते. आणि शेजारची बारावीवाली किती क्लासला जाते, हे तिच्यासमोर काढायचं नाही, सांगून ठेवते.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. बाहेरच्या विद्यापीठांना त्याआधीच शाळेने वर्तवलेले गुण जातात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची कामगिरी फार मोलाची. इथली बरीच कॉलेजं मात्र जुलै उजाडायच्या आतच प्रवेश सुरू करतात. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीच्या समकक्ष मानतो, त्यामुळे मान्यतेचा घोर नको. पण हवी असलेली दोन-तीन कॉलेजं आत्ताच हेरून, ती हंगामी प्रवेश देतात का आणि समकक्षतेचा दाखला कधी मागतात, हे लेखी विचारून घे. फोनवर एक सांगतात आणि खिडकीवर दुसरं.

आणि हो, तो ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर लगेच नवा आणायला धावू नकोस. फार महाग असतो तो. मे महिन्यात सुटलेल्या मुलींच्या आयांना विचार, बहुतेकींच्या कपाटात पडून असतो. माझ्याकडचा बहिणीच्या मुलीने नेला, नाहीतर तुलाच दिला असता.