आधी वही, मग करवत

एका पावसाळी रात्री आमच्या हॉलमधली पुस्तकांची फळी गिलाव्याचे पोपडे घेऊन खाली कोसळली. फ्लॅटचा ताबा घेताना एका कंत्राटदाराने ती बसवून दिली होती. चार फूट लांब, दिसायला देखणी. त्या वेळी तिच्याखाली कुणी नव्हतं म्हणून बचावलो. दिवसा तिथेच माझा मुलगा खेळण्यांचा पसारा मांडून बसतो.

दुसऱ्या दिवशी पडलेले तुकडे नीट पाहिले तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं. फळीला मधोमध बाक आला होता. पार्टिकल बोर्डच्या कडा दमटपणाने फुगल्या होत्या. आणि स्क्रूंबरोबर प्लास्टिकच्या गिट्ट्या अख्ख्या बाहेर आल्या होत्या, पांढऱ्या ब्लॉकचा भुगा घेऊन. लांबी, माल आणि भिंत, तिन्हींचा हिशेब कुणीच केला नव्हता. त्यानंतर आमच्याच गल्लीतल्या एका सुतारकाकांकडे बसून मी हे काम शिकले. घरातली मांडणी आता मीच करते. नव्याने करवत हातात घेणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

पहिला हिशेब वजनाचा. दाटीने लावलेली पुस्तकं फुटाला सुमारे 8 ते 10 किलो भरतात. म्हणजे तीन फुटांच्या फळीवर 25-30 किलो, आणि तेही कायमचं. फळी पूर्ण भरलेली असेल आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पुस्तकांसाठी 18 मिलिमीटर प्लायवुड घ्या आणि दोन आधारांत अडीच फुटांहून जास्त अंतर ठेवू नका. लांब फळी हवीच असेल तर मधे उभा आधार द्या. पुढच्या कडेला दीड इंच रुंद सागवानी पट्टी उभी चिकटवली तर फळीचा ताठपणा बराच वाढतो आणि प्लायची कडाही झाकली जाते. पहिल्या दिवशी हाताने दाबून 'मजबूत आहे' असं ठरवू नका. लाकूड सततच्या वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतं.

दुसरा हिशेब मालाचा. 'वॉटरप्रूफ आहे' या दुकानदाराच्या शब्दावर माल उचलू नका. साधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस 303 आणि मरीन प्लायवुडसाठी आयएस 710 ही भारतीय मानकं आहेत. तक्त्यावर आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तो क्रमांक दुकानातच उभं राहून तपासता येतो. मरीन प्लायचा सांधा 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आणि कोकणासारख्या दमट हवेत तोच घ्या. तक्त्याच्या कडा चारही बाजूंनी बघा. थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तक्ता नाकारा. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो खरा, पण ओल लागली की फुगतो आणि एकदा काढलेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही.

मापं वहीत काढताना करवतीचं पातं खातं तेवढं लाकूडही धरा, दर कापाला साधारण 3 मिलिमीटर. आठ फुटी तक्त्यातून दोन-दोन फुटांचे चार तुकडे पूर्ण मापाचे निघत नाहीत, ते याचमुळे. प्लायच्या बऱ्याच दुकानांत मोठ्या यंत्रावर तक्ते कापून मिळतात. नवख्या माणसाने लांब सरळ काप तिथेच करून घ्यावेत.

तिसरा हिशेब भिंतीचा. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं आणि पांढरा-करडा भुगा पडला, तर तो ब्लॉक समजा. लाल भुगा म्हणजे वीट. ब्लॉकमध्ये साधी गिट्टी वजन धरत नाही. त्यासाठीच बनवलेल्या लांब गिट्ट्या मिळतात, त्या वापरा. जड सामानासाठी मात्र फळी भिंतीला टांगण्यापेक्षा जमिनीवर उभा राहणारा सांगाडा करा. स्विचबोर्डच्या वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. आतून वायर गेलेली असते.

जोडणी करताना गुण्याने काटकोन बघा, मग सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे असतील तरच चौकट सरळ. स्क्रू घालण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर प्लायची कडा फाटते. फळी नुसत्या कडेतल्या स्क्रूंवर लटकवू नका. तिच्याखाली दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या मारा, म्हणजे वजन पट्ट्यांवर बसेल. पाठीला 6 मिलिमीटर प्लाय लावला की सांगाडा डावी-उजवीकडे डुलत नाही. डिंक लावून आवळलेला सांधा रात्रभर हलवू नका.

हत्यारांविषयी एक गोष्ट कळकळीने सांगते. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून काम करणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. तुम्ही ते करू नका. पातं लाकडात अडकलं की यंत्र क्षणात हातातून उसळतं. हातकरवतीला वेळ लागतो, पण बोटं शाबूत राहतात. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क लावल्याशिवाय घासकाम करू नका. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलं आहे. घरात लहान मूल असेल तर हे काम बंद खोलीत कधीच नको. गच्चीत किंवा अंगणात करा.

शेवटचा हात पॉलिशचा. तो पावसाळ्यात देऊ नका. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. रंग असो वा पॉलिश, दिसणाऱ्या बाजूइतकंच मागे, खाली आणि कडांनाही लावा. ओल शिरते ती उघड्या राहिलेल्या बाजूनेच. बाहेरच्या भिंतीपासून सांगाडा बोटभर पुढे ठेवा आणि वाळवीचा उपद्रव असेल तर जमिनीपासून थोडा उचलून घ्या.

पहिलं काम लहानच घ्या: दोन फूट रुंद, तीन फूट उंच, जमिनीवर उभं राहणारं. ते उभं राहिलं की वरच्या बाजूने धातूच्या पट्टीने भिंतीला जखडा. मुलं फळ्यांची शिडी करतात आणि भरलेला सांगाडा पुढच्या बाजूला उलटतो. तो जखडल्याशिवाय त्यावर एकही वस्तू ठेवू नका.