‘बैठक’ आणि ‘पवित्रा’

“नीट बस!” ही शाळेत कानांवर पडणारी बहुधा पहिली आज्ञा. पाठ ताठ, मांडी घातलेली, हाताची घडी एवढाच तिचा अर्थ त्या वयात कळतो. पुढे भाषेचा अभ्यास करू लागल्यावर ध्यानात येते की, देहाच्या स्थितीसाठी आपण वापरतो ते शब्द देहापुरते राहत नाहीत. ते मनाच्या आणि समाजाच्या व्यवहारातही शिरतात. अशा काही शब्दांचा येथे विचार करावयाचा आहे.

‘पोश्चर’ हा इंग्रजी शब्द आता डॉक्टरांच्या तोंडून आपल्याही बोलण्यात रुळला आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘ठेवणे’ या अर्थाच्या धातूत आहे. त्या दृष्टीने मराठीतील ‘ठेवण’ हा त्याचा सख्खा भाऊ वाटावा. परंतु चेहऱ्याची वा अंगाची ठेवण उपजत असते. ती ठरवून घेता येत नाही. ठरवून घेतलेल्या देहस्थितीसाठी आपल्याकडे आसन, बैठक, ठाण, पवित्रा असे निरनिराळे शब्द आहेत.

‘आसन’ हा शब्द ‘आस्’ म्हणजे बसणे या संस्कृत धातूपासून आला. बसण्याची रीत हेही आसन आणि ज्यावर बसावयाचे तेही आसन. पतंजलीने आसनाला दोनच अटी घातल्या आहेत : ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. ‘बैठक’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘उपविष्ट’ याच्याशी आहे आणि त्याचा संसार फार मोठा आहे. पहिलवान काढतो त्या बैठका, गादी-लोडांची मांडणी ती बैठक, चार माणसे विचारविनिमयाला जमली की ती बैठक, बसून अदाकारीने सादर होते ती बैठकीची लावणी, आणि भांड्याचे बूड हीसुद्धा बैठकच. या सर्वांतून पुढे ‘विचारांची बैठक’ हा अर्थ आला. ज्यावर वरचा सारा भार निश्चिंतपणे टेकतो ती बैठक, हे त्यांतील समान सूत्र होय.

‘पवित्रा’ हा मात्र आखाड्यातला आणि दांडपट्ट्यातला शब्द. समोर प्रतिस्पर्धी असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. म्हणूनच मराठी माणूस पवित्रा ‘घेतो’ आणि ‘बदलतो’. बैठक मात्र ‘पक्की’ होते किंवा ‘कच्ची’ राहते. पवित्रा क्षणाचा असतो, बैठकीला वर्षे लागतात.

देहस्थितीच्या शब्दांना सामाजिक बाजूही आहे. आपल्या खेड्यांतून एकाला ओसरीवर सतरंजी मिळे आणि दुसरा अंगणात उकिडवा बसे. उकिडवे बसणे ही ज्याला ‘बसा’ म्हटले गेले नाही त्याची स्थिती होती. कोण कुठे आणि कसा बसतो, यावरून गावाची उतरंड वाचता येत असे.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्राम पाहावे. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावी राहावयास आले. कुडाच्या बापू कुटीत त्यांची जागा जमिनीवरच होती आणि भेटीस येणाऱ्यांचीही जमिनीवरच. तेथील बसणे हाच एक विचार होता. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव वर्ध्यास केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले. इतिहास या घटनेला ‘वर्ध्याची बैठक’ म्हणतो. पण त्या बैठकीमागे सूतकताई, प्रार्थना आणि सफाई यांच्या नित्यक्रमातून घडलेली दुसऱ्या अर्थाची बैठक होती, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक उदाहरण आहे. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण आपण अभिमानाने उच्चारतो. वाकणे म्हणजे हार, असे तीत गृहीत धरले आहे. कुष्ठरोगाने पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांची सोय केली आणि स्वतः वाकून त्यांच्या अंगाला मालीश केले. साम्राज्यापुढे न वाकणारी पाठ रोग्यापुढे वाकली. तिला हार कोण म्हणेल? देहाची स्थिती एकच असली तरी ती कोणापुढे आणि कशासाठी, यावर तिचा अर्थ ठरतो.

आज वर्तमानपत्रांत रोज कोणी ना कोणी ‘आक्रमक पवित्रा’ घेत असतो. कोणाची बैठक पक्की झाली, याची बातमी होत नाही. आपणा विद्यार्थ्यांनाही मोर्चात, वादसभेत, निवडणुकीत पवित्रा घ्यावासा वाटतो, आणि प्रसंगी तो घ्यावाही लागतो. परंतु पहिलवान पवित्र्याआधी वर्षानुवर्षे बैठका काढतो. आपण ग्रंथालयात किती वेळ बसलो आणि कोणाच्या शेजारी बसलो, हे स्वतःला विचारून पाहावे. “नीट बस” या आज्ञेचा उरलेला अर्थ बहुधा हाच असावा.