जुन्या हवाई बंदुकीची ओळख व तिचे सुटे भाग

गेल्या सुटींत एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों असतां त्याच्या वडिलांनीं माळ्यावरून एक छऱ्याची बंदूक काढून माझ्यापुढें ठेविली. ती त्यांच्या आजोबांची. ते म्हणाले, "मास्तर, हिची स्प्रिंग मेली आहे. बाजारांतून एखादी दणकट स्प्रिंग आणून घालूं का?" मीं त्यांस थांबविलें. कां थांबविलें, तें येथें सांगतों.

या बंदुकींत दारू नसते. दांडी ओढली म्हणजे दट्ट्या मागें सरतो व स्प्रिंग दबून बसते. चाप ओढतांच दट्ट्या वेगानें पुढें येऊन कोठींतील हवा दाबतो आणि ती हवा छऱ्यास नळीबाहेर लोटते. दट्ट्याच्या तोंडाशीं चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. बंदुकीचा सारा जोर त्यावर अवलंबून आहे, आणि लोक दोष मात्र स्प्रिंगला देतात!

सुटा भाग शोधण्यापूर्वीं बंदूक कोणती हें ठरलें पाहिजे. दस्त्याचा रंग पाहून तें ठरत नाहीं. नळी व कोठी यांवरील छाप, अनुक्रमांक व त्यामागील अक्षर हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. कारण एकाच नांवाच्या बंदुकींत एका अक्षरानें लांबी व भाग बदलतात. छाप अंधुक असल्यास घासूं नये. वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवावी.

तीन रायफलींची मोळी रचल्याचें चिन्ह दिसलें, तर ती बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची समजावी. लिंकन जेफ्रीज यांच्या १९०४ च्या पेटंटावरून त्या कारखान्यानें १९०५ पासून हवाई रायफली केल्या. त्यांची नळी पक्की असून दांडी तिच्या खालीं असते, आणि छर्रा एका फिरत्या तोटींत घालावयाचा असतो. ही तोटी निमुळती व त्या त्या बंदुकीस घासून बसविलेली असते. म्हणून दुसऱ्या बंदुकीची तोटी बसली तरी हवा धरीलच असें नाहीं.

धनुष्य टाकून बंदूक उंच धरणारी देवी म्हणजे डायना. (प्रेषितांच्या कृत्यांत इफिसकरांची जी अर्तमी येते, तिचेंच हें रोमन नांव.) हें चिन्ह जर्मनींतील राष्टाट येथें १८९० मध्यें स्थापन झालेल्या कारखान्याचें. परंतु येथें पुष्कळजण फसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील यंत्रसामग्री व डायना हें नांव ब्रिटनकडे गेलें आणि स्कॉटलंडांत मिलब्रो कंपनी त्याच नांवानें बंदुका करूं लागली. मूळ जर्मन कारखान्याचा माल ब्रिटनमध्यें मग 'ओरिजिनल' या नांवानें विकला जाई. तेव्हां नुसतें 'डायना' लिहून भाग मागविणें म्हणजे पत्त्यावर गांव न लिहितां पत्र टाकणें होय.

स्प्रिंग मागवितांना तारेची जाडी, वेढ्यांचा बाहेरील व्यास, वेढ्यांची संख्या आणि लांबी हीं चारहि मापें कळवावीं. फाजील जोरदार स्प्रिंग दट्ट्या आपटवून जुने स्क्रू ढिले करते. स्क्रूंचेंहि तसेंच : विलायती व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, तर मेट्रिक आट्याचा ६०. जबरीनें पिळल्यास भोंकच बिघडतें, आणि मग खरा स्क्रू मिळूनहि उपयोग नसतो. जुन्या बंदुकांच्या स्प्रिंगा व वॉशर नवे करून विकणारे व्यापारी इंग्लंडांत आहेत. मोडक्या बंदुकीचा एकहि भाग फेकूं नये. नव्याचा नमुना तोच.

कोठी उघडणें हें मुलांचें काम नव्हे. बंदूक रिकामी असली तरी स्प्रिंग थोडी दबलेलीच असते, आणि शेवटचा आटा सुटतांच टोपण तोंडावर उडतें. जाणत्या माणसानें शिकंजांत धरूनच तें काढावें. आपल्या देशांत परवान्याचा प्रश्न नळीचें छिद्र व जोर यांवर अवलंबून असतो. पालकांनीं त्याची आधीं पोलीस ठाण्यांत विचारणा करावी.

त्या बंदुकीवर बी. एस. ए. ची मोळी निघाली. एका जाणत्या कारागिरानें ती उघडली. स्प्रिंग सरळ व शाबूत होती. वॉशर मात्र वाळून लांकडासारखा झाला होता. गांवच्या मोच्यानें जाड चामडें कोमट पाण्यांत भिजवून, जुन्या वॉशराच्या मापाच्या सांच्यांत दाबून वाळविलें व कडा कापून दिल्या. त्यास तेल थोडेंच पाजलें, कारण जास्त झाल्यास दाबाच्या उष्णतेनें तें आंत पेट घेतें. जुना वॉशर त्या मुलानें नांव व तारीख घालून डबींत ठेविला आहे.