आकाशातील वाट

बीड जिल्ह्यातील तेलगाव येथून मुंबई किती दूर आहे? या एका प्रश्नाची उत्तरे दोन आहेत. बीड, अहिल्यानगर, पुणे या वाटेने निघालेल्या मोटारीस चारशे किलोमीटरांहून अधिक मजल मारावी लागते. शेवटी बोरघाटाची वळणे उतरावी लागतात ती निराळीच. परंतु नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर हेच अंतर सुमारे ३४० किलोमीटर भरते. पहिले अंतर रस्त्याचे, दुसरे हवाई. आकाशात डोंगर आडवा येत नाही की नदीला पूल लागत नाही.

मग मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाची वाटही पट्टीने आखता येईल काय? सपाट नकाशावर अशी सरळ रेषा इराकवरून जाते. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई व लंडन यांमध्ये एक दोरा ताणून धरा. तो त्या रेषेच्या बराच उत्तरेकडून, काळ्या समुद्राच्या बाजूने जाईल. पृथ्वी गोल आहे. म्हणून दूरच्या दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. ही वाट सुमारे ७,२०० किलोमीटरांची आहे.

पूर्वी बोटीने लंडनला पोहोचण्यास दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला उतरले. आजची जेट विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने, वाटेत न थांबता जातात.

७,२०० ला ९०० ने भागले, तर उत्तर आठ तास येते. प्रत्यक्षात मात्र दहा तासांच्या आसपास लागतात. असे का व्हावे? चढताना व उतरताना विमानाचा वेग कमी असतो. युद्धामुळे धोक्याचा झालेला प्रदेश टाळण्यासाठी त्याला वळसा घ्यावा लागतो. शिवाय उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते विमानास अडवितात, परतताना तेच त्याला पुढे लोटतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

वैमानिक हा सारा हिशेब उड्डाणापूर्वीच करतो आणि त्याप्रमाणे इंधन भरून घेतो. त्या हिशेबावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. वर्गात शिकलेला भागाकार आकाशातही उपयोगी पडतो. मात्र त्याला पृथ्वीच्या आकाराची आणि वाऱ्याच्या दिशेची जोड द्यावी लागते.

स्वाध्याय
१. रस्त्याचे अंतर व हवाई अंतर यांत फरक का पडतो?
२. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरले, तर तेथे किती वाजले असतील?