संगमाचे चित्र

शनिवारी दुपारी मी कामावरून घरी आलो, तेव्हा माझी धाकटी बहीण संगणकासमोर रडवेली होऊन बसली होती. ती नववीत शिकते. ‘आपला तालुका’ या विषयावर तिला भित्तिपत्रक करायचे होते आणि ते सोमवारी शाळेत द्यायचे होते. घरी आम्ही उर्दू बोलतो. पण हे काम मराठीच्या तासाचे होते, म्हणून ती मराठीतच म्हणाली, “भाईजान, हा संगणक माझे ऐकतच नाही!”

भित्तिपत्रकासाठी तिने नरसिंहपूर निवडले होते. हे गाव आमच्या इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. भीमाशंकरहून येणारी भीमा आणि भोरच्या डोंगरातून येणारी नीरा यांचा तेथे संगम होतो. काठावर नृसिंहाचे जुने देऊळ आहे.

इंटरनेटवर तिला संगमाचा एक फोटो आणि पुणे जिल्ह्याचा नकाशा मिळाला होता. ते उचलून ‘जिंप’ या चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्ये चिकटवायचे, एवढेच काम होते.

“काय केलेस ते मला पुन्हा करून दाखव,” मी म्हणालो.

तिने फोटोवर माऊसची उजवी कळ दाबली, मेनूतून काहीतरी निवडले आणि जिंपमध्ये येऊन पेस्ट केले. पडदा कोराच राहिला.

मी तिला नोटपॅड उघडायला सांगितले. तेथे पेस्ट करताच इंग्रजी अक्षरांची एक लांब ओळ उमटली. ती ओळ म्हणजे फोटोचा इंटरनेटवरचा पत्ता होता. मेनूत ‘चित्र कॉपी करा’ आणि ‘चित्राचा पत्ता कॉपी करा’ ही दोन वाक्ये एकाखाली एक असतात. घाईत तिने दुसरे निवडले होते.

“पाहुण्याला घरी आणायचे सोडून तू त्याचा फक्त पत्ताच आणलास,” मी म्हणालो. ती हसली, तेव्हा मलाही बरे वाटले.

पूर्वी उर्दू वर्तमानपत्रांत कातिब सगळा मजकूर हाताने लिहीत. मग ते कागद कात्रीने कापून पानावर चिकटवले जात. अशाच कागदी कामावरून संगणकाने ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द घेतले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ही सोय संगणकावर आणली. कॉपी केलेली वस्तू जेथे तात्पुरती राहते, त्या जागेला क्लिपबोर्ड म्हणतात. नवी वस्तू आली की तेथली जुनी जाते. त्या जागेत काय आहे हे आपल्याला दिसत नाही आणि घोटाळा होतो तो तेथेच.

आता तिने योग्य वाक्य निवडले. फोटो आला, पण तिळाएवढा! तिचा कागद ए-४ आकाराचा, आडवा होता. चांगल्या छपाईसाठी तिने तो ३५०८ बिंदू रुंद आणि २४८० बिंदू उंच ठेवला होता. फोटोची रुंदी मात्र फक्त ३०० बिंदू होती. एका इंचात ३०० बिंदू छापायचे, म्हणजे फोटो एकच इंच रुंद. तिने तो ओढून मोठा केला, तर पाण्याचे चौकोनी ठोकळे दिसू लागले. शोधाच्या पानावर दिसतो तो फोटोचा लहान नमुना असतो. मूळ पान उघडून मोठा फोटो घ्यावा लागतो. तिने मूळ पान उघडले. तेथे लिहिले होते की परवानगीशिवाय हा फोटो वापरू नये.

“मग राहू दे,” ती हळूच म्हणाली आणि नकाशाकडे वळली.

नकाशाने तर कमालच केली. तो चिकटवताच सगळा चौकोन काळाकुट्ट झाला. नकाशाच्या रेषा काळ्या होत्या आणि त्यांची पार्श्वभूमी पारदर्शक होती. क्लिपबोर्डवरून येताना ही पारदर्शकता कधी कधी हरवते आणि तिच्या जागी काळा रंग येतो. काळ्यावर काळ्या रेषा कशा दिसणार? अशा वेळी पेस्ट करण्याचा हट्ट सोडावा. आम्ही नकाशाची फाईल संगणकावर साठवली आणि जिंपमध्ये ‘लेयर म्हणून उघडा’ ही आज्ञा दिली. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला काचेसारखा थर. नकाशा स्वच्छ आला. नीरेची रेषा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून सरकत भीमेला मिळालेली दिसली.

फोटोची जागा मात्र रिकामीच होती.

“भाईजान, उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. तिला काय हवे आहे, ते मला समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारसायकलवरून नरसिंहपूरला गेलो. घाटावर उभे राहून तिने माझ्या मोबाईलवर बरेच फोटो काढले. घरी आल्यावर त्यांतला एक तिने कॉपी न करता थेट लेयर म्हणून उघडला. तो ४००० बिंदू रुंद होता, म्हणजे कागदापेक्षाही मोठा! त्याच्या कडा कागदाबाहेर गेल्या होत्या. मी काही सांगण्याआधीच तिने तो थर लहान केला. आता पाणी दिसत होते, घाट दिसत होता आणि नदीपलीकडचा सोलापूर जिल्ह्याचा काठही चित्रात आला होता.