पाचवे शील आणि आपले यकृत



पंचशील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. पहिल्या चार शीलांना आवाज खणखणीत असतो. पाचव्याला मात्र मागच्या रांगेतले काही आवाज जरा खाली येतात. या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द आहेत. सुरा म्हणजे धान्याच्या पिठापासून केलेली आणि मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवापासून केलेली, असा खुलासा पाली अट्ठकथांत आहे. मोहाच्या फुलांची दारू ही जंगलाची देणगी आहे, ती दारूत मोडत नाही, असे आपल्याकडे सांगणारे भेटतात. त्यांची पळवाट त्या एका शब्दाने तेव्हाच बंद करून ठेवलेली आहे!

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मद्यपानाच्या सहा हानी सांगितल्या. धनाचा नाश, कलहाची वाढ, रोगांचे घर, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता. पैसा, भांडण आणि अब्रू यांबद्दल आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते. तिसऱ्या हानीविषयी, म्हणजे रोगाविषयी, कमी बोलले जाते. कारण तो रोग वर्षानुवर्षे दिसतच नाही.

आपल्या भागाला दारूविरोधी लढ्याचा मोठा वारसा आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला (आजचे चंद्रपूर) बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणे घातलेली आहे. पुढे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग, अनेक संघटना आणि गावोगावच्या स्त्रिया यांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी झाली व ती आजही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. कायदा दुकान बंद करतो. घरची हातभट्टी आणि सीमेपलीकडून येणारी बाटली त्याला पुरतेपणी बंद करता आलेली नाही. सूरजागडच्या पहाडावर लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाल्यापासून एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रक वाढले, तरुणांच्या खिशात महिन्याचा पगार आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पगाराचा दिवस कोणाकोणाला ठाऊक असतो, हे सांगायला नको.

आता थोडे गणित करू. विदेशी दारूच्या १८० मिलीलिटरच्या पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असते. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा तरुण पव्व्याचा दोनतृतीयांश हिस्सा पोटात घालतो. मोहाच्या दारूत किती, हे भट्टी लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. पहिल्या धारेची वेगळी, नंतरची वेगळी. मात्र मादक द्रव्य तिन्हींत एकच आहे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. एका पव्व्यासाठी त्याला सहा-आठ तास राबावे लागते, आणि त्या कामात अॅसिटाल्डिहाइड नावाचे विष तयार होते. लिंबू, ताक, अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

हे रोज घडले की यकृतात चरबी साठते. रोज भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृताची ही अवस्था होते. तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, माणूस ट्रक चालवतो, तेंदूपाने तोडतो. विद्यार्थ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा : या पायरीवर दारू पूर्ण सोडली तर काही आठवड्यांत यकृत पुष्कळसे पूर्ववत होते. पुढची पायरी यकृताला सूज येण्याची, त्यापुढची सिरोसिसची. सिरोसिसमध्ये मऊ यकृताच्या जागी घट्ट वण तयार होतात. मग कावीळ, पायावर सूज, पोटात पाणी, रक्ताची उलटी. या पायरीवर दारू सोडल्याने आयुष्य वाढू शकते, पण झालेले वण सहसा जात नाहीत. आपण दवाखान्यात नेतो ते बहुधा या वेळी, आणि गावात सांगतो की ‘काविळीने गेला’.

यकृतावरच थांबत नाही. रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू ढिला पडतो, स्वादुपिंडाला सूज येते. जास्त पिणाऱ्यांना क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरविले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन ही त्याची ठिकाणे. आपल्याकडे तोंडात खर्रा आणि वरून दारू असा जोड असतो. या दोहोंचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी अधिक वाढतो. ‘थोडी औषधापुरती’ हा समजही सोडावा. सुरक्षित अशी मात्रा नाही, असे याच संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

सहाव्या हानीचा पुरावाही वैद्यकात आहे. दारुड्या जेवत नाही, जे जेवतो तेही अंगी लागत नाही, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व संपते. तळपाय जळजळतात, चाल डगमगते, नवी आठवण राहत नाही. असा माणूस आठवणीतली रिकामी जागा मनाने भरून सांगतो. घरचे म्हणतात, खोटारडा झाला. बँकेच्या खिडकीवर सही जुळत नाही म्हणून थांबवाव्या लागणाऱ्या माणसांत काही हात सकाळी अकराला थरथरणारे असतात. ती थरथर म्हाताऱ्या वयाची नसते, रात्रीची दारू उतरल्याची असते.

हा थरथरणारा हात आपल्या कार्यकर्त्यांनी ओळखायला शिकले पाहिजे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी किंवा वर्षावासात आपण लोकांना उभे करून दारू सोडण्याची शपथ देतो. चार-दोन वर्षे अधूनमधून पिणाऱ्याला ती पुरते. पण पंधरा-वीस वर्षे रोज पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तो घाम, ताप, बडबड, भिंतीवर किडे किंवा समोर माणसे दिसणे अशा अवस्थेत जाऊ शकतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही होतो. घरचे याला बाहेरची बाधा समजून पुजाऱ्याकडे नेतात, नाहीतर ‘सोडल्यानेच झाले’ म्हणून पुन्हा पेला हाती देतात.

म्हणून अशा माणसाला शपथ देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. एटापल्लीला ग्रामीण रुग्णालय आहे, अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१६ पासूनच्या मुक्तिपथ अभियानाने जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक चालविली आहेत. काही दिवसांच्या गोळ्या आणि थायमिनची इंजेक्शने यांनी हा काळ निभावतो. डॉक्टरांना रोज किती पितो, शेवटची केव्हा घेतली आणि पूर्वी कधी आकडी आली होती का, या तीन गोष्टी खऱ्या सांगाव्यात. हे पत्नीला बहुधा नवऱ्यापेक्षा नीट ठाऊक असते, तेव्हा तिलाही सोबत न्यावे.