स्पिरिटचा बोळा

मी फसलो तो माझ्याच दिवाणखान्यात, चहा पिता पिता. आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी एक विक्रेता आला होता. त्याने टीपॉयवर पार्लोफोनचं लेबल असलेली बीटल्सची ७८ आरपीएमची तबकडी ठेवली. ‘साहेब, एका रिटायर रेल्वे अधिकाऱ्याच्या ट्रंकेतला माल आहे.’ मग खिशातून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि तबकडी लख्ख पुसून दाखवली. बोळ्यावर नुसती धूळ आली. मी अठरा हजार मोजले.

हाव का सुटली तेही सांगतो. इंग्लंडमध्ये १९६०च्या सुमारास ७८च्या तबकड्या बंद झाल्या आणि बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली १९६२ला. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांची गाणी ७८वर निघालीच नाहीत. आपल्याकडे गावोगाव चावीचे ग्रामोफोन होते आणि वीज पोचलेली नव्हती. म्हणून ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात ही इंग्रजी गाणीसुद्धा लाखेवर दाबली गेली. आज जगभरचे संग्राहक त्या तबकड्यांच्या मागे असतात, आणि गिऱ्हाईक असलं की नकलाही येतात.

दोन महिन्यांनी जुन्या कपाटाला पॉलिश करायला मिस्तरी आले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवत बसले होते. मी कौतुकाने तबकडी दाखवली, लाखेची आहे म्हटलं, आणि विक्रेत्याने ती कशी चमकवली तेही सांगितलं. मिस्तरींचा हात थांबला. ‘लाख असती तर स्पिरिटने सुटली नसती का? बोळा काळा झाला असता, साहेब.’ तीस वर्षं रेकॉर्डी जमवणाऱ्या मला हे सुचू नये!

म्हणून आधी माल हातात घ्या, त्यामागची गोष्ट नंतर ऐका. दहा इंची लाखेची तबकडी साधारण २०० ग्रॅमच्या आसपास भरते. ती जड, ताठ आणि ठिसूळ असते. माझी हलकी होती आणि तळहातावर किंचित वाकत होती. मला ते जाणवलंही होतं, पण मन मानायला तयार नव्हतं. स्पिरिटची परीक्षा मात्र स्वतः करू नका. तबकडी खरी निघाली तर तिचे चर तुमच्याच हातून जातील.

मग लेबल. जुन्या तबकडीवर ते डिंकाने चिकटवलेलं नसतं. साच्यात गरम लगदा दाबला जातो त्याच वेळी कागद त्यात बसतो. कडेवरून नख फिरवा. नख अडलं, कागदाची कड उचलली गेली, की लेबल मागाहून आलंय. भिंगाखाली अक्षरंही बघा. जुन्या छपाईत शाई सलग असते, घरच्या प्रिंटरची बारीक ठिपक्यांनी बनते. शेवटच्या चरापुढच्या मोकळ्या पट्टीत ठशाने उमटवलेला क्रमांक असतो. तो लेबलवरच्या क्रमांकाशी आणि छापील सूचीशी ताडून पाहा. १९९०मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी आणि मायकेल किनियर यांनी भारतीय मुद्रणांच्या सूच्या करण्यात आयुष्यं घातली आहेत. त्या चाळायला मला दोन तास लागले असते. मी दहा मिनिटांत पैसे दिले.

वेष्टनावर फार विसंबू नका. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, त्यामुळे तो असलेलं वेष्टन साठच्या दशकातलं असूच शकत नाही. पण आतली तबकडी खरी असू शकते, कारण दुकानदार वेष्टनं सर्रास बदलायचे. ग्रामोफोन कंपनीचं ‘सारेगामा’ हे नाव तर २०००चं, आणि कलकत्त्याचं कोलकाता झालं २००१मध्ये. (आमच्या शहराचं नाव बदललं २०२३मध्ये. पन्नास वर्षांनी कुणी ‘औरंगाबाद’ छापलेला कागद हातात घेऊन असाच हिशेब करत बसेल.) नोटा तपासायचा जांभळा दिवा बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांना उपयोगी पडतो, कारण कागद चमकवणारी रसायनं तेव्हा वापरात नव्हती. साठच्या दशकातल्या लेबलाबद्दल मात्र त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.

आणि वाजवल्याशिवाय घेऊ नका. माझ्याकडे ७८ची सुई नव्हती, आणि विक्रेत्याने ते शोकेसकडे बघूनच ओळखलं असणार. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात पन्नास रुपयांची भजनं घेताना मी चार वेळा उलटीपालटी करून बघतो, इथे मात्र पावतीसुद्धा मागितली नाही. ‘अस्सल नसल्यास पैसे परत’ एवढी एक ओळ सहीनिशी लिहून घेतली असती तरी पुढे काही बोलता आलं असतं.

तबकडी आता मिस्तरींकडे आहे. त्यांच्या पॉलिशच्या डब्यावर झाकण म्हणून ती अगदी बेतात बसते. स्पिरिटचं तिच्यावर काही चालत नाही.